क्लबमधील वेगवेगळी पिस्तुले वापरल्याने नेम सुधारतो की बिघडतो?

रंकाळाकाठ यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात एका बँकेत नोकरी करतो आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी नेमबाजीकडे वळलो आहे. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवल्यानंतर आमच्या भागातील अनेक पालकांनी मुलांना रेंजवर नेले, तसे मीही माझ्या मुलाला नेले. मुलगा महिनाभरात फुटबॉलकडे परत गेला, जे कोल्हापुरात अपेक्षितच होते. मी मात्र तिथेच राहिलो. गेल्या नऊ महिन्यांपासून आठवड्यातून तीन दिवस, कामावर जाण्यापूर्वी, मी १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करीत आहे.

माझ्याकडे स्वतःचे पिस्तूल नाही. क्लबची तीन पिस्तुले आळीपाळीने मिळतात आणि कोणत्या दिवशी कोणते हाती येईल हे मी किती लवकर पोहोचतो यावर अवलंबून असते. एक स्टेअर कंपनीचे आहे, एक मोरिनी कंपनीचे, ज्याचा चाप विजेवर चालतो, आणि तिसरे जुने आहे, ज्यात प्रत्येक छऱ्यापूर्वी लिव्हर ओढून हवा भरावी लागते. साठ छऱ्यांच्या पूर्ण मालिकेत स्टेअरवर माझे ५२५ ते ५३५ गुण होतात, मोरिनीवर ५१० च्या आसपास, आणि जुन्या पिस्तुलावर ४८५ च्या वर मी कधी गेलेलो नाही. यात माझा नेम नक्की कोणता समजायचा, हेच मला कळेनासे झाले आहे.

त्यात भर म्हणजे, गेल्या महिन्यात प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली मी पॉइंट २२ च्या स्पोर्ट्स पिस्तुलाने २५ मीटरवर वीस गोळ्या झाडल्या. बहुतेक सर्व गोळ्या डावीकडे खाली गेल्या (मी उजव्या हाताने नेम धरतो), आणि दुसऱ्या दिवशी स्टेअरवरही माझे गुण ५०० च्या खाली आले. प्रशिक्षकांचे म्हणणे आहे की वर्षभर दुसऱ्या कशालाही हात लावू नये. माझ्या मावसभावाकडे परवान्याचे पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर आहे. त्याचे मत नेमके उलट, की जे हाती येईल ते चालवत गेले की हात आपोआप बसतो. दोघांपैकी कोणाचे ऐकावे? ज्यांनी एकाहून अधिक प्रकारच्या पिस्तुलांवर सराव केला आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.


पंचवीसमीटर यांचे उत्तर:

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे नेमबाजी करते. त्यापैकी पहिली चार वर्षे एअर पिस्तूल आणि त्यानंतर मुख्यतः २५ मीटर. आपला प्रश्न दोन वेगळ्या प्रश्नांची गुंतागुंत आहे असे मला वाटते. तीन एअर पिस्तुले फिरवून वापरणे ही एक गोष्ट झाली आणि एअर पिस्तुलावरून पॉइंट २२ वर जाणे ही दुसरी. पहिलीने आपले नुकसान होत आहे. दुसरीने होईलच असे नाही.

आधी गुणांतील फरकाबद्दल. पिस्तूल बदलले आणि गुण घसरले म्हणजे ते पिस्तूल वाईट, असा निष्कर्ष लगेच काढू नये. या पिस्तुलांच्या लाकडी मुठीला तळहाताखाली एक सरकता आधार असतो. क्लबच्या पिस्तुलावर तो आदल्या दिवशी ज्याने सराव केला त्याच्या हाताप्रमाणे बसवलेला असतो, आणि आपल्यापैकी बहुतेक जण सकाळच्या घाईत तो तसाच ठेवून उभे राहतात. एक प्रयोग करून पाहावा. छरा न भरता, पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने धरून डोळे मिटावेत, हात खाली घ्यावा, नेहमीच्या सवयीने पुन्हा वर आणावा आणि मग डोळे उघडावेत. समोरची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) मागच्या खाचेच्या मधोमध उभी दिसली तर मूठ आपल्याला बसली आहे. ती दर वेळी एकाच बाजूला झुकलेली दिसत असेल, तर आपण प्रत्येक छऱ्याला मनगट वळवून ती मध्ये आणत आहात, आणि चाप दाबण्याच्या क्षणी मनगट आपल्या मूळ जागी परत जात आहे.

हे मनगट एवढे महत्त्वाचे का, ते आकड्यांतून अधिक स्पष्ट होते. एअर पिस्तुलावर पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर साधारण ३२ सेंटिमीटर असते. पुढची साइट खाचेत केवळ एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छरा मध्यापासून सुमारे ३१ मिलिमीटर दूर जातो, म्हणजे दहाच्या जागी सात. याउलट, दोन्ही साइट एकमेकींच्या रेषेत अचूक राहिल्या आणि संपूर्ण हातच एक सेंटिमीटर बाजूला डुलला, तर छराही एक सेंटिमीटरच बाजूला जातो आणि आपल्याला नऊ मिळतात. नवशिक्या माणसाला हात डुलतो याची भीती वाटते. खरे नुकसान मात्र ज्याकडे त्याचे लक्षच नसते ते मनगट करते. स्पोर्ट्स पिस्तुलात तर दोन साइटमधील अंतर नियमानेच २२ सेंटिमीटरपेक्षा अधिक असता येत नाही, त्यामुळे तीच एक मिलिमीटरची चूक २५ मीटरवर अकरा सेंटिमीटरहून मोठी होते आणि प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेम धरून मारण्याच्या प्रकाराच्या, लक्ष्यावर सहा दाखवते. एवढ्यासाठीच मला पॉइंट २२ हे एअर पिस्तुलाचे शत्रू वाटत नाही. आपण काय लपवत होतो ते ते मोठे करून दाखवते.

आता डावीकडे खाली गेलेल्या गोळ्यांबद्दल. सर्व जण आपल्याला सांगतील की आपण आवाजाला दचकलात, आणि ते अंशतः खरेही असेल. पण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर पिस्तुलाच्या चापाचे वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असते आणि स्पोर्ट्स पिस्तुलाच्या चापाचे किमान १००० ग्रॅम. नऊ महिने ५०० ग्रॅमला सरावलेले बोट नेहमीच्या जागी पोहोचते, काहीच घडत नाही, आणि मग ते उरलेले वजन एका झटक्यात ढकलते. त्या ढकलण्याबरोबर उजव्या हाताच्या माणसाची नळी डावीकडे खालीच जाते. हे दचकणे आहे की ढकलणे आहे हे ओळखण्याचा जुना उपाय असा, की मॅगझिन आपण स्वतः भरूच नये. प्रशिक्षकांनी त्यात खऱ्या गोळ्यांमध्ये एखाददुसरे सरावाचे निर्जीव काडतूस मिसळून द्यावे आणि त्याची जागा आपल्याला सांगू नये. ज्या वेळी गोळी सुटत नाही त्या वेळी नळीचे टोक काय करते, ते पाहावे. माझ्या पहिल्या प्रयत्नात ते इतके खाली गेले की मागे उभ्या असलेल्या मुली हसल्या.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा समजली. १० मीटरच्या लक्ष्यावरील काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचे आणि २५ मीटरच्या प्रिसिजन लक्ष्यावरील २०० मिलिमीटरचे असते. अंतर अडीचपट, पण वर्तुळ तिपटीहून मोठे, म्हणून २५ मीटरवर काळा भाग डोळ्याला मोठा दिसतो. साइट आणि काळ्याच्या मध्ये जी पांढरी फट ठेवण्याची सवय झालेली असते ती तिथे जशीच्या तशी लागू पडत नाही आणि माणूस नकळत साइट सोडून लक्ष्याकडे पाहू लागतो. दुसऱ्या दिवशी एअर पिस्तुलावर आपले गुण पडले ते बहुधा याच सवयीमुळे. डोळा लक्ष्यावर राहिला असेल.

दोन्ही प्रकार एकत्र करता येतात याचे उदाहरण दूर शोधायला नको. मनू भाकर यांनी पॅरिसमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात वैयक्तिक आणि मिश्र अशी दोन कांस्यपदके मिळवली आणि त्याच स्पर्धेत २५ मीटरमध्ये त्या चौथ्या आल्या. अर्थात त्यांची दोन्ही पिस्तुले त्यांची स्वतःची, स्वतःच्या हाताला बसवलेल्या मुठींची असतात. कोणाच्या तरी नंतर रांगेत उभे राहून मिळालेली नसतात. म्हणून माझा सल्ला असा, की प्रशिक्षकांशी बोलून तीनपैकी एकच एअर पिस्तूल सहा महिने आपल्या वेळेसाठी ठरवून घ्यावे, मुठीच्या आधाराची जागा पेन्सिलने खूण करून ठेवावी, आणि पॉइंट २२ ला महिन्यातून दोनदा, तेही एअर पिस्तुलाचा सराव नसलेल्या दिवशी, हात लावावा. वर्षभर अजिबात नको, हे मला पटत नाही.


माजीसुभेदार यांचे उत्तर:

रामराम मंडळी. वरील ताईंनी तंत्र उत्तम सांगितले आहे, त्यात मी भर घालू शकत नाही. मी सैन्यात असताना ९ मिलिमीटर पिस्तूल दोन्ही हातांनी धरून चालवले आणि निवृत्तीनंतर हौसेने एका हाताच्या नेमबाजीकडे आलो. सैन्यात आम्हांला माशी, म्हणजे पुढची साइट, पाहायला शिकवत, लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल असे सांगत. तेवढी एकच गोष्ट इकडे कामाला आली. बाकी सर्व सवयी मला मोडाव्या लागल्या. तेव्हा जे हाती येईल ते चालवल्याने हात बसतो, हे मावसभावांचे म्हणणे माझ्या अनुभवाला तरी धरून नाही.

मला जे लिहायचे आहे ते सुरक्षिततेविषयी आहे, कारण हत्यारे बदलताना गुणांआधी तीच जाते. काही वर्षांपूर्वी एका रेंजवर, ज्याचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही, एका अनुभवी नेमबाजाने दुसऱ्याचे पॉइंट २२ पिस्तूल पाहायला मागितले. देणाऱ्याने मॅगझिन काढून ते त्याच्या हातात दिले. घेणारा अनेक वर्षे एअर पिस्तूलवाला होता. एअर पिस्तुलात एका वेळी एकच छरा असतो आणि झाडला की विषय संपतो. मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, राहू शकते, हे त्याच्या हाताला माहीत नव्हते. त्याने चाप दाबून पाहिला. नळी लक्ष्याच्या दिशेने होती म्हणून समोरच्या बांधाची माती उडण्यावर निभावले. दोघेही चांगली माणसे होती, आणि त्यानंतर कितीतरी वेळ रेंजवर कोणीही काही बोलले नाही.

तेव्हा प्रत्येक नव्या हत्याराला हात लावण्यापूर्वी ते रिकामे कसे करतात हे आधी शिकावे, ते कसे चालवतात हे नंतर. अर्धस्वयंचलित पिस्तुलात आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड किंवा बोल्ट मागे, मग चेंबरमध्ये डोळ्याने पाहणे, हाच क्रम. उलट केला तर मॅगझिनमधील पुढचे काडतूस आपण स्वतःच चेंबरमध्ये नेऊन बसवतो. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाहेर काढून सर्व घरे मोजावीत. दुसऱ्याच्या हाती देताना ते उघड्या अवस्थेतच द्यावे आणि चेंबरमध्ये ते रिकामे असल्याचे दाखवणारा रंगीत सेफ्टी फ्लॅग असावा. हवेच्या पिस्तुलाच्या बाबतीतही तोच नियम पाळावा, म्हणजे हाताला दोन वेगळ्या सवयी लागत नाहीत.

रिव्हॉल्व्हरबद्दल एवढेच सांगतो की घोडा न ओढता सरळ चाप दाबून चालवले, तर ते ओढायला चार-पाच किलोंच्या घरात जोर लागतो. ५०० ग्रॅमच्या बोटाला त्यातून काय शिकायला मिळणार?


शाहूपुरीकर यांचे उत्तर:

मावसभावांच्या रिव्हॉल्व्हरचा उल्लेख वाचून राहवले नाही, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात लिहितो. ४.५ मिलिमीटरचे आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेले एअर पिस्तूल वापरण्यास परवाना लागत नाही. पॉइंट २२ असो वा पॉइंट ३२, दारूच्या काडतुसावर चालणारे प्रत्येक हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते, आणि परवाना हा त्या व्यक्तीचा व त्या हत्याराचा असतो, कुटुंबाचा नसतो. मावसभावांनी स्वसंरक्षणासाठी घेतलेले रिव्हॉल्व्हर आपण शेतावर नेऊन चालवून पाहणे हा दोघांच्याही अंगाशी येणारा प्रकार आहे. क्लबच्या परवान्यावरील हत्यार क्लबच्या रेंजवर, जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली चालवणे, ही आपल्यासाठी योग्य वाट. पुढे स्वतःचे घ्यायचे ठरले, तर २०१६ च्या नियमांनुसार परवान्यासाठी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्रही जोडावे लागते, हे ध्यानात असू द्यावे.

दुसरे म्हणजे, पॉइंट ३२ हे एकच काडतूस आहे असा अनेकांचा समज असतो. आपल्या आयुध निर्माणीच्या अशनी पिस्तुलात चालते ते पॉइंट ३२ वेगळे आणि रिव्हॉल्व्हरमधील लांब, कडा असलेले वेगळे. ते एकमेकांत चालत नाहीत. सेंटर फायर (ज्यात टोचणी काडतुसाच्या तळाच्या मध्यभागी बसते) स्पर्धेतील पिस्तुलांमध्येही रिव्हॉल्व्हरच्याच जातीचे काडतूस वापरतात, मात्र त्याची गोळी सपाट तोंडाची असते, जेणेकरून कागदावर फाटके भोक न पडता पंचिंग मशीनने पाडल्यासारखे स्वच्छ गोल भोक पडावे.


कात्यायनीचाडोंगर यांचे उत्तर:

पंचवीसमीटर ताईंच्या मताशी मी बहुतांशी सहमत असलो तरी एकाच पिस्तुलाला चिकटून राहण्याची दुसरी बाजू मी भोगली आहे. दोन वर्षे मी क्लबच्या एकाच पिस्तुलावर सराव केला. जिल्हास्तरीय स्पर्धेच्या आठ दिवस आधी त्याची हवा गळू लागली, आणि तपासणीत असेही आढळले की त्याच्या हवेच्या सिलिंडरची दहा वर्षांची मुदत उलटून गेली आहे, त्यामुळे ते स्पर्धेत चालणारच नव्हते. मी परक्या पिस्तुलाने उतरलो आणि माझ्या नेहमीच्या गुणांपेक्षा चाळीस गुण कमी घेऊन परतलो. तेव्हापासून मी एक मुख्य आणि एक पर्यायी अशी दोन ठेवतो. पर्यायी पिस्तुलाला दहा दिवसांतून एक सत्र देतो, आणि त्या दिवशी गुण लिहीतच नाही, केवळ कोरडा सराव (छरा न झाडता) आणि मूठ बसवणे एवढेच करतो. प्रश्नकर्त्यांनी मुख्य पिस्तूल म्हणून स्टेअर घेतले, तरी मोरिनीशी ओळख ठेवावी. विजेवरच्या चापाची बॅटरी तपासण्याची सवयही त्यानिमित्ताने लागेल.

जुन्या लिव्हरच्या पिस्तुलाबद्दल एक शंका येते. आपले ४८५ गुण साठ छऱ्यांत सारखे पसरलेले असतात की शेवटी कोसळतात? साठ वेळा लिव्हर ओढणे ही एक वेगळी मजुरी आहे, आणि त्यानंतर तोच खांदा स्थिर ठेवायचा असतो.


रंकाळाकाठ यांचे उत्तर, सहा आठवड्यांनंतर:

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला मुद्दाम उशीर केला, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय काही लिहिणे योग्य वाटले नाही.

प्रथम कात्यायनीचाडोंगर यांच्या शंकेचे उत्तर. मी वही उघडून जुन्या पिस्तुलाच्या मालिका दहा-दहाच्या गटांत मांडल्या. पहिल्या वीस छऱ्यांत माझी सरासरी स्टेअरच्या जवळपास आहे आणि शेवटच्या वीसमध्ये ती कोसळलेली आहे. म्हणजे नऊ महिने मी त्या पिस्तुलाला नावे ठेवीत होतो आणि दोष माझ्या खांद्याचा होता. मोरिनीचे कारण वेगळे निघाले. डोळे मिटून हात वर आणण्याचा प्रयोग केला तेव्हा साइट प्रत्येक वेळी उजवीकडे दिसली. मुठीचा आधार एका लहान चणीच्या मुलाच्या हाताप्रमाणे घट्ट बसवलेला होता. तो दोन मिलिमीटर खाली घेतल्यावर परवा मोरिनीवर ५२४ गुण झाले.

प्रशिक्षकांशी बोललो. स्टेअर माझ्या वेळेसाठी ठरवून देण्यास ते तयार झाले, आणि पॉइंट २२ बाबत महिन्यातून एकच सत्र, तेही ते स्वतः हजर असतील तेव्हाच, अशी तडजोड झाली. गेल्या रविवारी त्यांनी मॅगझिन भरून दिले. पाच-पाचच्या चार मालिकांत एकूण सहा निर्जीव काडतुसे होती. त्यांपैकी पहिल्या चार वेळी नळीचे टोक स्पष्टपणे खाली गेले, पाचव्या वेळी किंचित, आणि सहाव्या वेळी जागच्या जागी राहिले. त्या सहाव्या वेळी मला आधी वाटले की मी चाप पुरेसा दाबलाच नाही. प्रशिक्षकांनी पिस्तूल उघडून काडतुसावरील टोचणीची खूण दाखवली तेव्हा विश्वास बसला.

सुभेदार साहेबांचे सांगणे मी क्लबमधील सर्वांना वाचून दाखवले. आता आमच्याकडे हवेचे पिस्तूलही उघडे करून आणि सेफ्टी फ्लॅग लावूनच हातात देतात. मावसभावाला शाहूपुरीकरांचे उत्तर पाठवले आहे. त्याने ते वाचले, पण अद्याप त्यावर काही बोललेला नाही.


पंचवीसमीटर यांचे उत्तर:

सहाव्या वेळी बोटाला काय जाणवले ते आजच वहीत लिहून ठेवावे, आठवडाभराने आठवत नाही. आणि पुढच्या सत्रात निर्जीव काडतुसांची संख्या वाढवायला सांगावी, निम्म्याहून अधिक.